परवा म्हणजे नेमकं कधी

१५ मार्च, रविवार. सकाळपासून तुमचं कपाट रिकामं करते आहे, वन्सं. महिनाअखेर हे कुकटपल्लीचं घर मालकाच्या ताब्यात द्यायचं आहे. तुमच्या भावाला या खोलीत दहा मिनिटांवर बसवत नाही, म्हणून मी एकटीच आले. साड्या एका बाजूला, कागद दुसऱ्या बाजूला, आणि ज्यांचं काय करायचं ते कळत नाही अशा वस्तू खाटेवर. खाट भरून गेली आहे. उघडून ठेवलेले कार्डरीडर, वायरींची भेंडोळी, कुणाकुणाची रद्द झालेली ओळखपत्रं, आणि एका डबीत फक्त स्क्रू. बाईच्या कपाटात साड्यांपेक्षा स्क्रू जास्त निघाले.

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. तेरावा झाला, आलेगेले झाले, चादरी धुऊन झाल्या. रडायचं राहून गेलं आहे, पण मला त्याची घाई नाही. घाई दुसऱ्या गोष्टीची आहे. तुमच्या पेटंटच्या अर्जावर परीक्षकाने ज्या हरकती काढल्या, त्यांना उत्तर देण्याची वाढवून घेतलेली मुदतही उद्या संपते. तुमच्या जागी अर्जदार म्हणून तुमच्या भावाचं नाव लावायचे कागद गेल्या आठवड्यात पाठवले. उत्तरही लिहून तयार आहे, एक वाक्य सोडून. त्या वाक्यावरून आपण भांडलो होतो, आणि ते भांडण अर्धवट ठेवून तुम्ही गेलात.

तुम्हाला 'वन्सं' म्हणणारी जगात मी एकटीच. पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा नणंदेला असंच म्हणायचं असतं असं आईने पढवून पाठवलं होतं. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. "वन्सं काय गं? खोकल्याचं औषध वाटायलंय." पण मी बदललं नाही आणि तुम्हीही मग ओ द्यायला लागलात. त्याच आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, "परवा आपल्या गल्लीत हत्ती आला होता न." मी दुसऱ्या दिवशी नारायणगुड्याच्या त्या गल्लीत हत्ती कुठून वळला असेल ते बघत फिरले. चार दिवसांनी कळलं की हत्ती आला तेव्हा तुम्ही सहा वर्षांच्या होतात. घरातली सगळी माणसं हसली. इथल्या दख्खनी हिंदीत 'परसों' म्हणजे आज आणि काल सोडून मागचं काहीही, आणि इथल्या मराठी घरांत 'परवा'चंही तेच झालं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे कळलेलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेटंट एजंटची परीक्षा मी तुमच्यामुळे दिली. मुलं लहान होती. तुम्ही दवाखान्यातल्या नोकरीवरून सुटलात की थेट आमच्याकडे यायचात, दोघांना उचलून गच्चीवर न्यायचात आणि खाली ओरडायचात, "वाच गं पुणेकर, यांना मी सात वाजेपर्यंत खाली सोडत नाही!" परीक्षेच्या दिवशी स्कूटरवरून सोडलंत. मी निकाल सांगितला तेव्हा म्हणालात, "बरं झालं. आता माझं काहीतरी असू दे तुझ्याकडे द्यायला." मला वाटलं थट्टा करताय.

थट्टा नव्हती. त्या मोठ्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात तुम्ही बसायचात, आणि तिथे एकदा एका मुलीचा तपासणीचा रिपोर्ट तिच्या हातात पडायच्या आधी तिच्या सासरी पोचला. कुणीतरी क्लार्क, कुणाचा तरी मावसभाऊ. त्याला तो रिपोर्ट उघडायचा अधिकार होता, कारण त्याच्या पदाला होता. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मग म्हणालात, "पदाला कशाला किल्ली द्यायची? कामाला द्यायची. काम संपलं की किल्ली विरघळली पाहिजे." मी म्हटलं, किल्ली कशी विरघळेल? तुम्ही माझ्या कपात उस्मानिया बिस्किट बुडवलंत. "हे बघ. आत्ता काढलं तर बिस्किट." मग नुसत्याच माझ्याकडे बघत राहिलात. "आता चहा."

आठ वर्षं त्यात गेली. माहिती कुलूपबंद, किल्लीचे तुकडे केलेले, एक तुकडा कार्डात, एक वॉर्डातल्या यंत्रात, आणि एक असा की जो आपोआप शिळा होत जातो. नेटवर्क बंद असलं तरी शिळा होतो. कुणी वरून रद्द करायची गरजच नाही. नंतर तुम्हाला दिसलं की नर्सची पाळी बदलताना जाणारी आणि येणारी दोघी खाटेपाशी उभ्या राहून एकमेकींना सगळं सांगतात. तेवढ्यावरून तुम्ही पुढचं बांधलंत. दोघींनी आपापलं कार्ड लागोपाठ लावलं तरच किल्लीला पुढच्या पाळीपुरतं आयुष्य मिळायचं, एरवी नाही. मला हे पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा तुमचे डोळे असे झाले होते की मी कढई गॅसवर विसरले. कुणावरही विश्वास न ठेवणारं यंत्र तुम्ही केलंत. इतक्या भोळ्या बाईने.

अर्ज भरला तो मंगळवार होता. बाहेरच्या माणसाला मी तीन पानांचा तक्ता देते. कुठे दाखवलं, कुठे छापलं, कोणत्या तारखेला, पुरावा जोडा. तुम्हाला दिला नाही. घरचं काम. हिमायतनगरच्या ऑफिसात आपण डबा खात होतो आणि मी डाव्या हाताने फॉर्म पुढे सरकवत विचारलं, "हे कुठे बाहेर बोललात का? वाचून, छापून?"

"हौ की. परवा आमच्या त्या मंडळींच्या सभेत निबंध वाचला न. वीस-पंचवीस लोक होते. टाळ्या पण वाजवल्या."

"परवा?"

"परवाच की गं. भेंडी घे, तुझी गार होईल."

मी मनात मोजलं. आज मंगळवार, म्हणजे परवा रविवार. सभा रविवारीच असतात, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. जगाला आधी सांगून टाकलेली गोष्ट नवी राहत नाही, आणि नवी नसेल तर पेटंट नाही. पण अभ्यासक मंडळींच्या सभेत निबंध वाचला असेल आणि तिथून बारा महिन्यांच्या आत अर्ज केला असेल, तर कायदा तेवढी सवलत देतो. मला आनंदच झाला. बारा महिन्यांची सवलत आणि आपण दोनच दिवसांत अर्ज करतोय! रविवारची तारीख मी माझ्या हाताने लिहिली. कागद तुमच्यापुढे केले. तुम्ही चष्मा लावला नाहीत. "तू लिहिलंयस न?" म्हणालात आणि जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे सही केलीत.

परीक्षण अहवाल आला तेव्हा मी तो उभ्या उभ्या वाचला. काही हरकती नेहमीच्या. हा नुसता संगणक प्रोग्राम आहे का? 'ठरावीक काळ' म्हणजे किती, ते दाव्यात स्पष्ट नाही. याची उत्तरं मी झोपेत देऊ शकते. मग नवेपणाची हरकत, आणि त्याखाली पहिला संदर्भ. एक छापील स्मरणिका, त्यातला एक निबंध, आणि लेखिका म्हणून तुमचं नाव. मी पुन्हा वाचलं. तुमचा शोध नवा नाही, कारण तो तुम्हीच आधी सांगितला आहे. तुमच्या विरुद्ध साक्षीला तुम्हीच. आणि खाली परीक्षकाने सभ्य भाषेत लिहिलं होतं की अर्जदाराने नमूद केलेली तारीख छापील नोंदीशी जुळत नाही. साध्या भाषेत याचा अर्थ एकच होतो: तुम्ही खोटं लिहिलंत.

मी फोन लावला. "वन्सं, ती सभा कधीची?"

"सांगितलं न तुला. परवाची."

"तारीख सांगा."

"थांब, स्मरणिका बघते." कपाट उघडल्याचा आवाज आला, हेच कपाट. "अगं बाप्पा. तू अर्ज केलास तेव्हाच दोन वर्षं वर झाली होती की."

"दोन वर्षं म्हणजे परवा?"

"मग काय! काल तर नव्हती न!"

मला तेव्हा हसू आलं नाही. आज येतं आहे, आणि इथे ऐकायला कुणी नाही.

मी तुम्हाला समजावलं की पहिला दावा, म्हणजे विरघळणाऱ्या किल्लीचा मूळ दावा, आता टिकणार नाही. पण पाळीबदलाचा भाग तुम्हाला निबंधानंतर सुचला होता, तो त्यात नव्हता. दावे आवळून तेवढं वाचवता येईल. मला वाटलं तुम्ही भांडाल. आठ वर्षं होती. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. सांगून टाकलं न लोकांना, मग त्यांचं झालं ते. पाळीचं राहतंय का?"

"राहतंय."

"मग रडायलीस कशाला?"

"मी रडत नाहीये."

"बरं. आवाज तसा आला."

एवढ्या मोठ्या गोष्टीवरून भांडण झालं नाही. ते झालं मसुदा पाठवल्यावर. मी लिहिलं होतं, 'सभेची तारीख शोधकर्तीच्या नजरचुकीने चुकीची नमूद झाली.' असंच लिहितात. रोज लिहितात. तुमचा फोन दुपारी आला.

"माझी कसली नजरचूक गं? मी परवा म्हणाले. तारीख तू घातलीस."

"मी पेटंट एजंट आहे वन्सं, तुमचं पंचांग नाही."

"पंचांग नक्को. विचारायचं तरी होतंस."

"सही तुमची आहे."

मग म्हणालात, "हौ. सही माझीच आहे. तू लिहिलंस म्हणून वाचलं नाही मी." आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "पेटंट नाही मिळालं तरी चालेल. खोटारडी म्हणून माझं नाव नको गं त्या फायलीत. ती कुणालाही उघडून बघता येते."

"नंतर बोलू. मला मीटिंग आहे."

मीटिंग नव्हती. मी डबा उघडून बसले होते. त्यानंतरच्या नऊ दिवसांत तुमचे दोन फोन आले. एक मी उचलला नाही. दुसरा उचलला तर तुम्ही गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी परत मागितलीत, बाकी काही नाही. मी विषय काढला नाही. दहाव्या दिवशी सकाळी चहा टाकता टाकता तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत. बरणी अजून माझ्याकडेच आहे.

दुपारी ऊन इतकं चढलं की हात थांबले. खाटेवर जागा नव्हती म्हणून फरशीवर आडवी झाले. मला स्वप्नं पडत नाहीत, पडली तर लक्षात राहत नाहीत. हे राहिलं. लांबच लांब वॉर्ड होता आणि दोन्ही बाजूंना खाटांच्या जागी दारं होती. तुम्ही पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत पुढे चालत होतात आणि प्रत्येक दाराला कार्ड लावत होतात. एका दारामागे गच्ची होती, माझी दोन्ही मुलं तुमच्या पायांशी, खाली मी पुस्तक घेऊन, आणि सात वाजायला अजून खूप अवकाश. एका दारामागे फक्त वाफ होती, कपातली. एका दारातून हत्ती बाहेर आला, अगदी सावकाश, भिंतीला न घासता, आणि आपल्या दोघींच्या मधून निघून गेला. मी तुम्हाला विचारत होते, हे कधीचं? हे कधीचं? आणि तुम्ही मागे न बघता म्हणत होतात, "परवाचं." प्रत्येक दाराला तेच. आणि खरंच ती सगळी दारं सारख्याच अंतरावर होती. लग्न जवळ नव्हतं की लांब नव्हतं, मंगळवारही तसाच. मग एकेक दार पाण्यात ठेवल्यासारखं कडेने विरघळायला लागलं आणि तुम्ही म्हणालात, "कार्ड लाव न गं. दोघींचं लागतं." माझ्या हातात कार्ड नव्हतं. मी पदर चाचपला, पर्स चाचपली. तुम्ही थांबलात. रागावला नाहीत. वाट बघत उभ्या राहिलात.

उठले तेव्हा गालावर फरशीच्या सांध्याची रेघ उमटली होती आणि पंखा तसाच फिरत होता. कुठे आहे ते कळायला वेळ लागला. काही क्षण मी तुमच्या घरात तुमच्याकडे आलेली होते, इतकंच. तुम्ही आत चहा टाकायला गेलेल्या. तसं असेल तर आवाज करू नये म्हणून मी हललेही नाही.

संध्याकाळी कागदांची पेटी घेऊन खाली उतरले. कोपऱ्यावर उगादीसाठी कडुनिंबाचा मोहर विकायला आला होता, त्याचा कडू-गोड वास जिन्यापर्यंत येत होता. वॉचमन मल्लेश पेटी घ्यायला पुढे झाला. तो महिनाभर गावी होता, त्याला आजच कळलं होतं.

"अम्मा कब गुजरे, मॅडम?"

"परसों," मी म्हणाले.

"हौ. परसों," तो म्हणाला, आणि पेटी डोक्यावर घेऊन रिक्षाकडे चालायला लागला.

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. मी खोटं बोलले नव्हते, वन्सं. मला बावीसचा आकडा पाठ होता, दुसरा कुठलाही शब्द मात्र तोंडात येईना. आणि त्याने मला तारीख विचारली नाही, कारण त्याला तारीख नको होती. मला त्या मंगळवारी तारीखच हवी होती, आणि तेवढीच मी विचारली नाही. तुमचा शब्द बरोबर होता. तो मला सव्वीस वर्षांपासून माहीत होता. मी घाईत तो माझ्या सोयीने ऐकला, त्याची तारीख केली, त्यावर तुमची सही घेतली, आणि वर ती सही तुमच्याच तोंडावर मारली.

तुम्ही गेल्यावर ऑफिसातली माझी मदतनीस श्रावणी एकदा म्हणाली होती, "मॅडम, इन्वेंटर का मिस्टेक लिखे तो बस है न? अब पूछनेवाला कौन है? अपना नाम लिखे तो कल दूसरे क्लायंट भी पढ़ते." पोरगी हुशार आहे आणि बोलली त्यात चूक काही नव्हतं. तोपर्यंत मीही तेच ठरवलं होतं. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? मी अशी माणूस आहे, तुम्हाला माहीत आहे.

सोमवारी सकाळी नऊलाच ऑफिसात गेले. मसुदा उघडला. ते वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं: 'अर्जातील सभेची तारीख शोधकर्तीने दिलेली नाही. ती एजंटने शोधकर्तीला न विचारता अंदाजाने लिहिली. चूक एजंटची आहे. शोधकर्तीने कोणतीही माहिती दडवलेली किंवा चुकीची दिलेली नाही.' सवलतीची मागणी मागे घेतली. पहिला दावा काढला, पाळीबदलाचा वर आणला. श्रावणीने शेवटचं वाचन केलं, त्या चार वाक्यांशी थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

"पक्का, मॅडम?"

"पक्का."

सव्वादहाला माझी सही लागली आणि उत्तर दाखल झालं. पेटंट मिळेल की नाही ते परीक्षक ठरवेल. सुनावणी लागेल, आणखी वर्ष जाईल. पावतीवर अर्जदार म्हणून तुमच्या भावाचं नाव आहे. शोधकर्तीच्या रकान्यात तुमचंच. तो रकाना माणूस गेलं तरी बदलत नाही.

यांना फोन केला. "झालं," म्हटलं.

"काय लिहिलंस शेवटी?"

वाचून दाखवलं. मग ते सवयीने म्हणाले, "ताईला कळवलंस का?"

दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. त्यांच्याकडच्या रस्त्यावरचा हॉर्न फोनमधून ऐकू येत होता.

"कळवते," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.